२२ मिलिमीटरचा झोन आला, आता पुढे काय?

नागपुरात एम.एस्सी. केमिस्ट्री करणाऱ्या एका पोराचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: प्रोजेक्टमध्ये बारा कंपाऊंड बनवले, काही चालकोन, काही त्यांचे पायराझोलिन (दोन्ही सेंद्रिय रेणूंची कुळं), आणि सॅलिसिल्डिहाइडचे शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून बनणारे रेणू) आणि त्यांचे कॉपर कॉम्प्लेक्स (तेच रेणू तांब्याला बांधलेले). बायोटेकच्या मैत्रिणीकडून अल्टरनेरिया आणि फ्युजेरियम या पिकावरच्या बुरशींवर वेल डिफ्युजन करून घेतलं, म्हणजे आगारच्या प्लेटमध्ये छोटी विहीर पाडून त्यात कंपाऊंड टाकायचं आणि भोवती बुरशी न वाढलेला झोन मोजायचा. एका कॉपर कॉम्प्लेक्सला २२ मिमी झोन आला, तुलनेला ठेवलेल्या फ्लुकोनॅझोलला १८. तर याला बुरशीनाशक म्हणता येईल का, आणि काटोलकडे वडिलांची संत्र्याची बाग आहे तिथे डिंक्यावर (खोडातून डिंक गळायचा रोग) फवारून पाहू का.

आधी बागेचं बोलतो कारण बाकी सगळं निवांत होऊ शकतं. नको. एक झाडसुद्धा नको. ज्या रेणूची माणसावरची विषबाधा कुणी तपासली नाही, फळात किती उरतो माहीत नाही, तो पाठीवरच्या पंपात घालायचा नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, आणि ती तर बाजारात मिळणारी औषधं होती. शिवाय १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकंही येतात, केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी झाल्याशिवाय औषध म्हणून कुणाला देता येत नाही, मग तो कुणी स्वतःचा बाप का असेना.

आणि दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. डिंक्या करणारी फायटोप्थोरा ही खरी बुरशीच नाही, ऊमायसीट आहे, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच गट. तिच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकान असतं, खऱ्या बुरशीसारखा कायटिनचा तो थाट नाही, आणि एर्गोस्टेरॉल, ज्याचं बनणं ट्रायझोल गटातली औषधं थांबवतात, ते ती स्वतः बनवतच नाही, म्हणून ती औषधं तिच्यावर फुकट जातात, कार्बेन्डाझिमही चालत नाही, तिला मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल लागतं. तेव्हा अल्टरनेरियावरच्या झोनवरून डिंक्याबद्दल काहीच म्हणता येत नाही, अगदी काहीच नाही. वडिलांना म्हणा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मिलार्डेने १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षासाठी जे मिश्रण पुढे आणलं तेच हे, आणि आपल्या संत्र्याला अजूनही उपयोगी पडतंय.

आता तुझ्या २२ मिलिमीटरकडे येऊ.

वेल डिफ्युजनमध्ये झोन मोठा येतो तो दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे बुरशी त्याला किती घाबरते आणि दुसरं म्हणजे ते कंपाऊंड आगारमध्ये किती पसरतं, आणि या दोन गोष्टी झोनकडे बघून वेगळ्या करता येत नाहीत. तुझे चालकोन पाण्याला शिवत नाहीत, ते विहिरीच्या काठालाच चिकटून बसतात, त्यातला एखादा खरंच जोरदार असेल तरी झोन ८-१० मिमी दाखवेल आणि तू त्याला नापास करशील. उलट पाण्यात विरघळणारं साधं काहीतरी लांबपर्यंत पसरून हिरो होतं. शिवाय मैत्रिणीला विचार, विहिरीत स्टॉक (मूळ दाट द्रावण) थेट डीएमएसओमध्येच, म्हणजे कंपाऊंड विरघळवायच्या द्रावकातच, टाकला होता का? शंभर मायक्रोलिटर नुसतं डीएमएसओ टाकलं तरी पुष्कळदा आजूबाजूला वाढ दबते. नुसत्या डीएमएसओची विहीर त्याच प्लेटमध्ये होती का, तिचा झोन किती आला, हे पहिल्यांदा शोध. आणि फ्लुकोनॅझोल हे माणसाचं औषध आहे बाप्पा, पिकावरच्या बुरशीशी तुलना करायला ते काहून घेतात मला अजून कळलेलं नाही, बहुतेक मायक्रोबायोलॉजीच्या फ्रीजमध्ये तेच पडलेलं असतं म्हणून.

त्याहून मोठी गोम म्हणजे तुझा हिरो कॉपर कॉम्प्लेक्स आहे. तांबं स्वतःच बुरशीनाशक आहे, वर बोर्डोचं सांगितलंच. समजा सॅलिसिल्डिहाइड-ॲनिलिनच्या शिफ बेसचे दोन लिगंड (तांब्याला धरून ठेवणारे रेणू) आणि एक कॉपर असं कॉम्प्लेक्स आहे, रेणूभार साधारण ४५६, म्हणजे त्यात जवळपास १४ टक्के तांबं. १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) कॉम्प्लेक्स टाकलं की १४ पीपीएम तांबं गेलं. तेवढंच तांबं मोरचुदातून द्यायचं तर सुमारे ५५ पीपीएम मोरचूद लागतं. ती प्लेट तुझ्याकडे हवीच, आणि नुसत्या लिगंडची पण हवी. तिन्ही शेजारी ठेवून कॉम्प्लेक्स दोघांपेक्षा सरस निघालं तर बोलायला जागा आहे, नाहीतर तू महागडं मोरचूद बनवलंस एवढंच. शिफ बेसचं आणखी एक, ते पाण्यात सुटतात, पीडीएचा (बुरशी वाढवायच्या बटाटा-डेक्स्ट्रोज-आगारचा) पीएच ५.६ च्या आसपास असतो, त्यात सात दिवस २७ डिग्रीला ठेवलं की बराचसा इमाइन (दोन भाग जोडणारा बंध) मोडून परत अल्डिहाइड आणि अमाइन होऊ शकतो, आणि सॅलिसिल्डिहाइड स्वतः बुरशीला चांगलंच मारक आहे. म्हणजे तू प्लेटवर कंपाऊंड नंबर ७ तपासतोयस असं समजतोस आणि प्रत्यक्षात बाटलीतला कच्चा माल तपासून होतो. म्हणून कच्चा मालही यादीत घे. केमिस्ट्रीवाल्यांच्या थिसिसमध्ये ही प्लेट मला क्वचितच दिसते, आणि व्हायव्हाला मी हमखास हेच विचारतो.

मग करायचं काय, तर पॉयझन्ड फूड पद्धत. कंपाऊंड मिडियातच मिसळून टाकायचं, बुरशीला त्यावरच वाढायला लावायचं, म्हणजे पसरण्याचा प्रश्नच उरत नाही. पीडीए नेहमीचंच, बटाटा २०० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, आगार १५ ते २० ग्रॅम, एक लिटरला. १२१ डिग्रीला, १५ पाउंड प्रेशरवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. कंपाऊंड ऑटोक्लेव्हच्या आधी घालायचं नाही, एस्टर-बिस्टर असतील तर तिथेच संपतील. मिडिया ४५-५० डिग्रीवर आला, म्हणजे फ्लास्क गालाला लावला तर सोसवतो इतपत, की मग लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) घालायचं, फेस न करता फिरवायचं आणि लगेच ओतायचं.

डायल्युशन इथे बहुतेक जण चुकवतात म्हणून नीट सांगतो. सगळ्या प्लेट्समध्ये डीएमएसओ सारखं राहिलं पाहिजे. सगळ्यात तगडा स्टॉक १० मिलिग्रॅम प्रति मिली कर, मग तो डीएमएसओनेच निम्मा-निम्मा करत जा, ५, २.५, १.२५, ०.६२५. प्रत्येकातून १ मिली घेऊन १०० मिली मिडियात. झाले तुझे १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ पीपीएम, सगळीकडे डीएमएसओ १ टक्का, आणि कंट्रोलमध्ये पण १ टक्का डीएमएसओ. एकाच स्टॉकमधून १ मिली, अर्धा मिली, पाव मिली असं टाकलंस तर जास्त डोसवर डीएमएसओ पण जास्त, मग बुरशी कशाने दबली देव जाणे. १०० मिलीत २० मिलीच्या पाच प्लेट होतात. माल किती लागेल तेही आत्ताच मोज, पाच डोसची बेरीज केली तर एका बुरशीला एका कंपाऊंडचे साधारण २० मिलिग्रॅम, चार बुरशा म्हटल्या तर ८०, आणि अख्खा प्रयोग परत करायचा आहे म्हणजे १६० मिलिग्रॅम, स्टॉक बनवताना वाया जातं ते वेगळंच. तुझ्याकडे प्रत्येकाचे एवढे आहेत का? नसतील तर आधी सगळे बारा फक्त १०० पीपीएमला बघ, जे बुरशीची वाढ पन्नास टक्केसुद्धा रोखत नाहीत ते सोड, उरलेल्या तीन-चारांवर पूर्ण सिरीज लाव.

ओतल्यावर प्लेट उजेडाकडे धरून भिंगातून बघ. बारीक सुया किंवा धुकं दिसलं तर कंपाऊंड मिडियात येऊन बाहेर पडलंय. चालकोनचं हे फार होतं, पिवळ्या सुया मस्त चमकतात. मग १०० पीपीएम हा आकडा कागदावरच राहतो, खरं विरघळलेलं १० पण नसेल. अशी प्लेट दिसली की वहीत तसं लिही, लपवू नकोस, कारण पुढे १०० आणि ५० पीपीएमचं उत्तर सारखंच का आलं याचा खुलासा तिथेच असतो.

मग ५ ते ७ दिवसांच्या कल्चरच्या वाढत्या कडेवरून ५ मिमीचा कॉर्क बोरर मारायचा, मधून नाही, मधली म्हातारी झालेली असते. डिस्क उलटी, बुरशीची बाजू खाली, प्लेटच्या बरोबर मध्ये. प्रत्येक डोसला कमीत कमी तीन प्लेट, मी चार सांगतो, एखादी कंटॅमिनेट होतेच. वाढ मोजताना दोन काटकोनी व्यास घेऊन सरासरी, आणि रोज मोज, फक्त शेवटच्या दिवशी नाही. स्क्लेरोशियम रोल्फसीचा कंट्रोल तीन-चार दिवसांत प्लेट भरतो, अल्टरनेरिया-कोलेटोट्रायकमला आठ-दहा दिवस लागतात. कंट्रोल भरला त्याच दिवशी थांबायचं, त्यानंतर ठेवलंस तर कंट्रोलला जायला जागा नाही आणि औषधवाली मागून येऊन गाठते, टक्के उगाच कमी दिसतात.

टक्के काढायचं सूत्र १९४७ सालचं व्हिन्सेंटचं, कंट्रोल वजा ट्रीटमेंट, भागिले कंट्रोल, गुणिले शंभर. फक्त दोन्हीतून ५ मिमी डिस्क आधी वजा कर. कंट्रोल ९० आणि तुझी ३८ असेल तर वजा न करता ५७.८ टक्के येतात, करून ६१.२. आणि बुरशी अजिबात हललीच नाही, म्हणजे ५ ची ५ राहिली, तर वजा न करता ९४.४ टक्के येतात, जे उघडच चूक आहे. पूर्ण थांबलेली डिस्क उचलून नुसत्या पीडीएवर ठेवून बघ, परत फुटली तर कंपाऊंडने फक्त रोखून धरलं होतं, नाही फुटली तर मेली. या एका प्लेटला खर्च शून्य आणि लोक ती करत नाहीत.

तुलनेसाठी कुठलं औषध ठेवायचं हे बुरशीवर अवलंबून आहे आणि इथे चलाखी होते. अल्टरनेरियाला कार्बेन्डाझिम मुळातच लागू पडत नाही, तिच्यासमोर कार्बेन्डाझिम उभं केलं तर कुणीही जिंकेल. तिला मॅन्कोझेब किंवा डायफेनोकोनॅझोल ठेव. फ्युजेरियमला कार्बेन्डाझिम ठीक. आणि पीपीएम मूळ घटकाचे धरायचे, पुडीचे नाही, कार्बेन्डाझिम ५० टक्के पावडर असेल तर १०० पीपीएमसाठी लिटरला २०० मिलिग्रॅम, मॅन्कोझेब ७५ टक्केवालं असेल तर १३३. शक्य असेल तर शुद्ध टेक्निकल मिळव, दुकानातल्या पुडीत भिजवणारे-पसरवणारे घटक असतात ते पण थोडं काम करतात. कार्बेन्डाझिमसारखं औषध सेन्सिटिव्ह फ्युजेरियमला एखाद-दुसऱ्या पीपीएममध्ये अर्ध्यावर आणतं, तेव्हा तुझं कंपाऊंड ५०० पीपीएमला ७० टक्के देत असेल तर ते थिसिसला पुरेल, पण "स्टँडर्डपेक्षा सरस" असलं वाक्य लिहू नकोस. आपसात तुलना करताना मात्र पीपीएम सोडून मायक्रोमोलर (वजनाऐवजी रेणूंच्या संख्येचं माप) वापर, साध्या चालकोनचा रेणूभार २०८ आहे आणि दोन ब्रोमीन लावले की ३६६, म्हणजे १०० पीपीएममध्ये एकाचे ४८० मायक्रोमोलर पडतात आणि दुसऱ्याचे २७३ च. ब्रोमोवाला बिचारा कमी रेणूंनी लढतोय आणि तू म्हणतोस ब्रोमीनने ॲक्टिव्हिटी घटली. बाराही कंपाऊंडचं स्ट्रक्चर-ॲक्टिव्हिटी लिहायचं असेल तर ईसी-५० (वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) मायक्रोमोलरमध्येच काढ.

नागपूरचं म्हणून एक. एप्रिल-मेमध्ये हे काम रूमवर ठेवू नकोस. बाहेर ४५, खोलीत ३८, अल्टरनेरिया आणि फ्युजेरियम ३५ च्या वर रखडतात, कंट्रोलच वाढत नाही आणि मग प्रत्येक कंपाऊंड भारी वाटतं. मॅक्रोफोमिना उलट गरमीत खूश असते, तिचं वेगळं दिसेल. बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारी पेटी) २७ डिग्रीला, आणि लाइट जाते तेव्हा आतलं तापमान किती चढतं ते बघायला एक थर्मामीटर आत ठेव, बाहेरच्या डिस्प्लेवर विसंबू नको.

आता जे मला खरं सांगायचंय ते. प्लेट एकच प्रश्न विचारते, बुरशीचे धागे वाढायचे थांबतात का. झाडावरचा रोग त्याहून खूप वेगळा आहे आणि काही उत्तम औषधं या प्रश्नात सरळ नापास होतात. ट्रायसायक्लाझोल घे, भंडारा-गोंदियाकडे धानावर करपा आला की कुणीही हे नाव सांगेल. प्लेटमध्ये नेहमीच्या डोसला करप्याची बुरशी त्याच्यावर आरामात वाढते, फक्त रंग बदलतो, काळपटपणा जाऊन लालसर-तपकिरी होते. कारण ते मेलॅनिन बनणं थांबवतं, आणि पानात घुसायला बुरशी जो दाब देणारा अवयव बनवते तो मेलॅनिनशिवाय पान फोडू शकत नाही. बुरशी जिवंत, पान सुरक्षित. झोन मोजून निवड केली असती तर हे औषध पहिल्याच फेरीत कचऱ्यात गेलं असतं. फोसेटिलचं पण तसंच, झाडात गेल्यावर त्याचं फॉस्फोनेट होतं, काही काम ते स्वतः करतं, काही झाडाच्या प्रतिकारशक्तीकडून करवतं, आणि फॉस्फेट भरपूर असलेल्या मिडियात तर ते अजूनच लुळं पडतं. ॲझोक्सिस्ट्रोबिनच्या गटाला प्लेटमध्ये बुरशी दुसऱ्या श्वसनमार्गाने चकवते, म्हणून मिडियात सॅलिसिलहायड्रोक्झामिक ॲसिड घालून तो मार्ग बंद करावा लागतो. म्हणून प्लेटच्या वाढीबरोबर कमीत कमी स्पोअर जर्मिनेशन (बीजाणू रुजतात का) तरी बघ, कॅव्हिटी स्लाइडवर, मिलीला लाखभर स्पोअर, ओलसर पेटीत, २४ तासांनी मोजायचं. आणि वाढीचे आकडे नुसते न बघता कॉलनीचा रंग, कडा, स्पोअर येतात की नाही, धागे सुजलेत का, हे पण लिहीत जा, ट्रायसायक्लाझोलसारखी गोष्ट तिथेच सापडते.

प्लेटमध्ये पास झालं म्हणून पानावर चालेलच असंही नाही. स्ट्रोबिल्युरिनचा मूळ नैसर्गिक रेणू प्लेटमध्ये मस्त होता पण उजेडात तुटायचा, केमिस्टांनी त्याची रचना बदलत बदलत उन्हात टिकणारं बनवलं तेव्हा कुठे १९९६ मध्ये ॲझोक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं. तुझे चालकोन पण उजेडाला नाजूक असतात, एक साधं काम कर, काचेच्या चकतीवर पातळ थर दे, दुपारच्या उन्हात दोन-तीन तास ठेव, परत विरघळवून टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी) मार, डाग एकच राहिला का ते बघ. विदर्भातल्या उन्हात जे टिकेल ते कुठेही टिकेल.

त्यानंतर पान. बोट्रायटिस वगैरे आपल्याकडचं नाही, संत्र्याच्या कोवळ्या पानावर कोलेटोट्रायकम किंवा कपाशीच्या पानावर अल्टरनेरिया घे. ओला फिल्टर पेपर घातलेल्या प्लेटमध्ये तोडलेलं पान, त्यावर कंपाऊंड ट्वीन-२० च्या (पानावर पसरवणारा साबणासारखा पदार्थ) ०.१ टक्के पाण्यात, काही पानांवर बुरशी लावायच्या २४ तास आधी, काहींवर २४ तास नंतर. आधी मारल्यावरच काम करत असेल तर ते संरक्षक, नंतर मारूनही डाग थांबला तर आत शिरतंय. आणि एक पान बुरशीशिवाय, नुसतं कंपाऊंड लावून, कारण चालकोनसारखे अभिक्रियाशील रेणू पानालाही भाजतात, आणि भाजलेला डाग व रोगाचा डाग लांबून सारखेच दिसतात. मर रोगासाठी कुंडीच लागते, हरभऱ्याचं जेजी-६२ हे मरला हमखास बळी पडणारं वाण आहे, ते घेऊन फ्युजेरियमने भरलेल्या मातीत बीजप्रक्रिया करून पेर.

कल्चर कुठून आणायचं विचारशीलच. दिल्लीच्या आयएआरआयमधलं आयटीसीसी, मऊचं एनएआयएमसीसी, चंदीगडचं एमटीसीसी, पुण्याचं एनसीआयएम, या कल्चर-संग्रहांतून नंबरासकट मिळतं आणि थिसिसमध्ये तो नंबर लिहिता येतो. मैत्रिणीच्या फ्रीजमधली "अल्टरनेरिया" खरंच अल्टरनेरिया आहे का हे स्लाइड करून बघितल्याशिवाय मान्य करू नकोस. आपल्या शहरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं केंद्र आहे, वर्धा रोडकडे कापूस संशोधन संस्था, महाराजबागेपाशी कृषी महाविद्यालय, तिथल्या रोगशास्त्राच्या माणसाला गाईडमार्फत रीतसर पत्र देऊन भेट, जाताना वितळबिंदू, टीएलसी आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) घेऊन जा, "प्युअर आहे सर" एवढ्यावर कुणी प्लेट लावून देत नाही.

आणि प्लेट्स झाल्या की ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या, होस्टेलमागच्या उकिरड्यावर नाही. स्टॉक हाताळताना नायट्राइल ग्लोव्ह घाल, डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि त्यात जे विरघळलंय ते पण सोबत नेतं.